वैडूर्य: लसण्या की बेरिल?

वैडूर्य म्हणजे कोणतं रत्न, असं विचारलं तर ज्याला हा शब्द ऐकून माहीत आहे तो लगेच सांगतो, ‘लसण्या’. पंचांगात तेच, सराफाकडे तेच, अंगठीच्या पावतीवरही तेच. नवग्रहांच्या श्लोकात शेवटच्या दोघांना ‘गोमेदवैदूर्यके’ दिलेली आहेत. राहूला गोमेद आणि केतूला वैडूर्य. त्यामुळे हा अर्थ घरोघरी पक्का बसला आहे आणि आजच्या बाजारापुरता तो बरोबरही आहे.

माझं काम रत्नं तपासण्याचं. दिवसभर डोळ्याला दहापट भिंग असतं, समोर रिफ्रॅक्टोमीटर (खड्यात शिरताना उजेड किती वाकतो ते मोजणारं यंत्र), वजनकाटा आणि पाण्याचं भांडं. काम संपल्यावर जुनं वाङ्मय वाचायची आवड आहे. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असल्यामुळे ‘वैडूर्य’ शब्द आला की मी थबकते. कारण जुन्या ग्रंथांतलं वैडूर्य लसण्यासारखं वागतच नाही. त्याचा रंग वेगळा, आकार वेगळा, त्यातून आरपार दिसतं. भाषांतरकार मात्र बिनदिक्कत ‘लसण्या’ लिहून पुढे जातात आणि एका फार सुंदर शब्दाचं अर्धं आयुष्य पुसलं जातं. हे मला मनापासून खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी लसण्याबद्दल, म्हणजे नंतरचा फरक नीट कळेल.

खरा, उत्तम लसण्या म्हणजे क्रायसोबेरिल नावाच्या खनिजाचा ‘कॅट्स आय’ प्रकार. रंग मधासारखा, कधी हिरवट पिवळा, कधी तपकिरी. त्याला पैलू पाडत नाहीत, वरून घुमटासारखा गोलवा देतात. खड्याच्या आत एकाच दिशेने लागलेल्या अतिशय बारीक सुया किंवा पोकळ नळ्या असतात. वरून उजेड पडला की तो या सुयांवरून परततो आणि सुयांना आडवी अशी एक लखलखीत रेघ घुमटावर उमटते. खडा हलवला की रेघ सरकते. हीच मांजराच्या डोळ्यातली बाहुली. कारागिराने घुमटाचा तळ सुयांना समांतर ठेवला नाही तर रेघ एका बाजूला कलते आणि किंमत घसरते.

चांगला खडा तपासताना मी खोलीतला दिवा मालवते आणि एकच छोटी बॅटरी बाजूने, सुयांच्या दिशेला काटकोनात धरते. मग खड्याचे दोन भाग पडतात: उजेडाकडचा अर्धा भाग मधाच्या रंगाचा राहतो आणि पलीकडचा अर्धा दुधाळ होतो, मधोमध रेघ. बॅटरी दुसऱ्या बाजूला नेली की दूध आणि मध जागा बदलतात. दोन बॅटऱ्या दोन बाजूंना धरून खडा सावकाश फिरवला तर एका रेघेच्या दोन होतात, पुन्हा एक होते. डोळा उघडतो आणि मिटतो. हे कितीदा पाहिलं तरी माझा हात थांबतो.

बाजारात लसण्या म्हणून येणारे सगळे खडे क्रायसोबेरिल नसतात. बरेचसे क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाच्या कुळातले असतात. त्यांनाही रेघ असते, पण सहसा कमी तीक्ष्ण. फरक पाण्यात कळतो. पाच कॅरटचा क्रायसोबेरिल पाण्यात तोलला तर त्याचं वजन साधारण 1.34 कॅरटने कमी भरतं, क्वार्ट्झचं साधारण 1.89 कॅरटने. एकाचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड ते, 3.7 च्या आसपास, दुसऱ्याचं 2.65. काचेच्या तंतूंचा जुडगा वितळवून केलेला नकली कॅट्स आयही मिळतो. त्याची रेघ संशय यावा इतकी सरळ आणि झगझगीत असते. तो बाजूने भिंगाखाली धरला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी दिसते आणि विषय तिथेच संपतो.

हा झाला लसण्या. आता जुनं वैडूर्य.

मेघदूताच्या उत्तरार्धात यक्ष आपल्या घराजवळच्या विहिरीचं वर्णन करतो. पायऱ्या पाचूच्या, पाण्यात सोन्याची कमळं फुललेली आणि त्या कमळांचे देठ ‘स्निग्धवैदूर्यनाल’, म्हणजे तुकतुकीत वैडूर्याचे. इथे लसण्या घालून पाहा. कमळाचा लांब, ताठ, हिरवट, ओलसर चमकीचा देठ आणि मधाच्या रंगाचा घुमटाकार खडा यांचं काय जमणार? कालिदासाने देठासाठी हे रत्न निवडलं, म्हणजे त्याच्या डोळ्यासमोर देठासारखं काहीतरी होतं.

देठासारखं रत्न खरंच असतं. त्याचं आजचं नाव बेरिल. तासलेल्या पेन्सिलीच्या जाडीचा कच्चा बेरिल हातात घेतला की बोटांना सहा कडा लागतात. लांब, सरळ, सहा बाजूंची कांडी. दोन्ही टोकं सपाट, अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेषा. रंग पाण्याचा, समुद्राचा, कोवळ्या पानाचा, कधी पिवळा, कधी रंगच नाही. निळसर असेल तर आपण त्याला अ‍ॅक्वामरीन म्हणतो, क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे गर्द हिरवा झाला तर पाचू. पाचू हासुद्धा बेरिलच, पण आपल्याकडे त्याला मरकत हे स्वतंत्र नाव फार पूर्वीपासून आहे. म्हणून त्याच श्लोकात पायऱ्या मरकताच्या आणि देठ वैडूर्याचे, असे दोन वेगळे शब्द येतात.

कुमारसंभवात तर आणखी स्पष्ट आहे. पार्वतीच्या जन्माने तिची आई कशी शोभली? नव्या मेघांच्या गडगडाटाने रत्नाची शलाका उगवून आलेली विदूरभूमी शोभावी तशी. शलाका म्हणजे कांडी, काडी. पहिल्या पावसात जमिनीतून रत्नाच्या काड्या वर येतात, ही समजूत कवीने घेतली आहे. पावसाने माती धुपून निघाली की खाली दडलेले बेरिलचे लांबट स्फटिक उघडे पडतात, हे खाणीच्या मुलखात कुणालाही दिसणारं दृश्य. समजुतीच्या मुळाशी हेच असावं असं मला वाटतं. क्रायसोबेरिलचे खडे अशा सुबक काड्यांच्या रूपात मिळत नाहीत. नदीच्या गाळातून मिळणारे बहुतेक गोटेच असतात.

कवींवर विसंबायचं नसेल तर कौटिल्य आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातल्या अकराव्या अध्यायाचं नावच ‘कोशप्रवेश्यरत्नपरीक्षा’, म्हणजे राजाच्या कोशात घ्यायच्या रत्नांची पारख. माझ्या पेशाचा हा फार जुना कागद आहे, म्हणून या अध्यायावर माझा विशेष जीव आहे. त्यात वैडूर्याचे आठ प्रकार दिले आहेत: उत्पलवर्ण, शिरीषपुष्पक, उदकवर्ण, वंशराग, शुकपत्रवर्ण, पुष्यराग, गोमूत्रक आणि गोमेदक. निळ्या कमळाचा, शिरीषाच्या फुलाचा, पाण्याचा, बांबूचा, पोपटाच्या पिसाचा, मग पिवळ्याच्या छटा. बेरिलचा नमुनापट समोर ठेवा आणि ही यादी वाचा, जवळजवळ प्रत्येक नावापुढे एक खडा ठेवता येतो. सगळी नावं रंगावरून आहेत. सरकणाऱ्या रेघेचा, डोळ्याचा, मांजराचा त्यात मागमूस नाही. ज्या परीक्षकाने पाण्याचा रंग आणि बांबूचा रंग वेगळे नोंदवले, तो लसण्याची रेघ नोंदवायला विसरेल हे मला पटत नाही.

याच अध्यायात पुढे मण्यांचे गुण सांगितले आहेत. त्यांची सुरुवात ‘षडश्र’ शब्दाने होते, सहा कोनांचा. मग चौकोनी किंवा गोल, गडद रंगाचा, ‘अच्छ’ म्हणजे स्वच्छ, वजनदार, आतून प्रभा असलेला. हे सर्व मण्यांबद्दल आहे, केवळ वैडूर्याबद्दल नाही. तरी पारदर्शकतेला दिलेलं महत्त्व लक्षात घ्यावं. लसण्यात आतल्या सुयांमुळेच तर रेघ पडते. तो काचेसारखा निर्मळ असेल तर डोळाच उरणार नाही.

या यादीत आणखी एक गोष्ट आहे. पुष्यराग आणि गोमेदक ही आज आपण दोन स्वतंत्र रत्नं मानतो, पुष्कराज आणि गोमेद. कौटिल्याच्या यादीत ते वैडूर्याचेच प्रकार आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेपर्यंत, म्हणजे सहाव्या शतकापर्यंत, ते रत्नांच्या यादीत वेगळे झालेले दिसतात. आज बाजारात गोमेद म्हणून मिळतो तो हेसोनाइट, गार्नेटच्या कुळातला. म्हणजे रत्नांची नावं एका दगडाला जन्माची चिकटलेली नसतात, ती सरकतात. हे एकदा मान्य केलं की वैडूर्याचं कोडं अवघड राहत नाही.

पाली ग्रंथांत या रत्नाचं नाव ‘वेळुरिय’. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात त्याचा एक दृष्टान्त येतो. सुंदर, जातिवंत, आठ पैलूंचा, उत्तम घडवलेला, स्वच्छ वेळुरिय मणी. त्यात निळा, पिवळा, तांबडा, पांढरा किंवा फिकट दोरा ओवलेला. डोळस माणूस तो हातावर घेऊन पाहतो आणि हा मणी, हा त्यातला दोरा, असं त्याला वेगवेगळं दिसतं. मन आणि शरीर यांच्या संबंधासाठी तो दृष्टान्त आहे. माझ्यासारखीला त्यात रत्नपरीक्षणाचा अहवालच वाचायला मिळतो. दोऱ्याचा रंग मण्याच्या आत ओळखता येतो! लसण्यात तो दिसणार नाही. काही जुन्या अनुवादांत वैडूर्यासाठी ‘लॅपिस लॅझुली’ वापरलेलं आढळतं, आपल्याकडचा राजावर्त किंवा लाजवर्द. त्याचा तर सवालच नाही, तो पूर्ण अपारदर्शक. दोऱ्याच्या या एका तपशिलाने दोन्ही उमेदवार बाद होतात.

आणि गंमत अशी की दोरा ओवलेला हाच मणी आपल्याला रोममध्ये पुन्हा भेटतो. प्लिनी या रोमन लेखकाने इ.स. 77 च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथाच्या सदतिसाव्या खंडात ‘बेरिल्लुस’बद्दल लिहिलं आहे. हे रत्न भारतातून येतं, इतरत्र क्वचितच सापडतं. सर्वांत चांगलं ते, ज्यात समुद्राच्या पाण्याचा स्वच्छ हिरवा रंग आहे. भारतीयांना त्याच्या लांबट आकाराचं भारी कौतुक. सोन्याच्या कोंदणाशिवाय शोभणारं रत्न हे एकच, असं ते म्हणतात आणि भोक पाडून ते हत्तीच्या केसात ओवतात. सहा कोनांबद्दलही तो लिहितो: कारागीर तसा आकार देतात, पण काहींच्या मते ते मुळातच कोनाकार असतात. त्या ‘काहीं’चं म्हणणं खरं होतं. भारतीय लोक स्फटिक रंगवून नकली रत्नं करतात आणि त्यातही बेरिल जास्त, अशी तक्रारही त्याने नोंदवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचताना मला माझ्या टेबलावरची पाकिटं आठवतात. ज्या मालाला भाव असतो त्याचीच नक्कल होते. तेव्हा वैडूर्याला केवढी मागणी असेल याचा हा पुरावाच आहे.

‘बेरिल्लुस’ हा लॅटिन शब्द ग्रीक ‘बेरिल्लोस’वरून आला आणि ग्रीकांनी तो आपल्याकडून घेतला. आपल्या प्राकृतांतल्या ‘वेळुरिय’, ‘वेरुलिअ’ या रूपांशेजारी तो ठेवला की नातं कानालाच कळतं. माल जहाजातून गेला, मालाबरोबर नाव गेलं. पुढे युरोपात वाचनासाठी स्वच्छ स्फटिकाची आणि बेरिलची भिंगं घासली जाऊ लागली. तेराव्या शतकाच्या शेवटाला इटलीत चष्मे आले. जर्मन भाषेत चष्म्याला आजही ‘ब्रिले’ हा शब्द आहे, डच भाषेत ‘ब्रिल’. दोन्ही याच बेरिलवरून. 1798 मध्ये व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला बेरिल आणि पाचू या खनिजांत एका नव्या मूलद्रव्याचं ऑक्साइड सापडलं. 1828 मध्ये व्योलर आणि ब्युसी यांनी स्वतंत्रपणे तो धातू वेगळा केला. तो बेरिलिअम. आवर्तसारणीत चौथ्या क्रमांकावर जे नाव शाळेत पाठ करतात, त्याच्या मुळाशी आपलं वैडूर्य आहे. अवकाश दुर्बिणींच्या आरशांत वापरला जाणारा हाच धातू.

पूर्वेकडेही शब्द गेला, पण तिथे अर्थ वेगळ्या वाटेने सरकला. चिनी भाषेत त्याचा ‘लिउली’ झाला आणि त्याखाली रंगीत काच आणि झिलई आली. जपानीत ‘रुरी’ झाला, गडद निळ्या रत्नाचं आणि त्या रंगाचं नाव. बौद्ध परंपरेतला भैषज्यगुरू, म्हणजे औषधांचा बुद्ध, ‘वैडूर्यप्रभ’ आहे आणि तिबेटी चित्रांत तो गर्द निळा दिसतो तो यामुळे. तिकडच्या वैडूर्याला राजावर्ताचा निळा रंग चढला आहे. वर म्हटलेल्या अनुवादांत लॅपिस लॅझुली कुठून शिरलं असेल, ते यावरून कळतं.

हे रत्न यायचं कुठून? पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘विदूराञ्ञ्यः’. विदूर या स्थळावरून वैदूर्य शब्द साधायचा. पतंजलीने महाभाष्यात त्यावर आक्षेप घेतला: हे रत्न विदूरात उत्पन्न होत नाही, वालवाय पर्वतावर होतं, विदूरात त्याच्यावर फक्त संस्कार होतो. मग सूत्र बरोबर कसं? त्याच्या उत्तरांपैकी एक मला फार आवडतं. व्यापारी जसे वाराणसीला ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण वालवायाला ‘विदूर’ म्हणतात असं समजा. व्याकरणाच्या चर्चेत आपल्याला दोन ओळींत केवढी माहिती मिळाली! खाण एका गावी, घडाई दुसऱ्या गावी, आणि नाव घडाईच्या गावाचं. आजही हेच चालतं. जगभरचा कच्चा माल जयपूरला येतो, तिथे पैलू पाडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, हा जयपूरचा खडा. अहवालातला ‘उत्पत्तिस्थान’ हा रकाना भरताना मला दरवेळी पतंजली आठवतो.

विदूर आणि वालवाय नकाशावर कुठे ठेवायचे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शब्द मुळात द्राविडी असावा आणि पाणिनीची व्युत्पत्ती नंतर जोडलेली असावी, असं मानणारे बरेच आहेत. दक्षिणेकडे बोट दाखवणारा भौतिक पुरावा मात्र भक्कम आहे. तमिळनाडूत कांगेयमजवळ पडियूर इथे बेरिलची जुनी खाण आहे. नोय्यल नदीच्या काठी कोडुमणल इथे उत्खननात मणी घडवणाऱ्यांची वस्तीच मिळाली: बेरिल, स्फटिक, नीलम, कार्नेलियन यांचे कच्चे तुकडे, अर्धवट घडवलेले, भोक पाडताना तुटलेले, पूर्ण झालेले. याच कोइमतूर परिसरात रोमन नाण्यांचे साठे सापडले आहेत. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने दुसऱ्या शतकात ‘पुन्नाट’ नावाच्या ठिकाणाचा उल्लेख ‘जिथे बेरिल मिळतं’ असा केला आहे. म्हणजे प्लिनीच्या हत्तीच्या केसात ओवलेला मणी कुठल्या मातीतून गेला असेल, याचा आपण बऱ्यापैकी अंदाज करू शकतो. भोक पाडताना तुटलेला मणी मला पूर्ण झालेल्या मण्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. बेरिल कठीण, हिरा जिथे दहावर आहे त्या मोजपट्टीवर साडेसात ते आठ काठिण्याचं, पण ठिसूळ. लांब कांडीला दोन्ही टोकांकडून छिद्र पाडत मध्यावर आणून जुळवायचं, म्हणजे हात किती स्थिर हवा!

मग हे वैडूर्य लसण्या झालं कधी?

नेमकी तारीख सांगता येत नाही, पण बदल घडताना दिसतो. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत उत्तम वैडूर्य मोराच्या कंठासारखं निळं किंवा बांबूच्या पानाच्या रंगाचं म्हटलं आहे. बांबू म्हणजे कौटिल्याचा वंशरागच. इथवर जुनाच धागा. आता रसरत्नसमुच्चय उघडा, मध्ययुगीन रसशास्त्राचा ग्रंथ. तिथे चांगलं वैडूर्य सावळ्या-शुभ्र कांतीचं, समतोल, स्वच्छ, जड, आणि ‘भ्रमच्छुभ्रोत्तरीयेण गर्भितम्’ असं आहे: ज्याच्या पोटात पांढरं उपरणं फिरत असतं. फिरणारं पांढरं उपरणं! लसण्याच्या रेघेचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. खडा हलवला की ती रेघ खांद्यावरच्या उपरण्यासारखीच घसरते. हा वैद्य नक्की क्रायसोबेरिल हातात घेऊन बसला होता. ‘जड’ हा शब्दही त्यालाच शोभतो.

बदलाचं कारण मी माझ्यापुरतं असं लावते. नवग्रहांना नऊ रत्नं वाटून दिल्यावर प्रत्येकाला आपली स्वतःची ओळख हवी झाली. हिरव्यात पाचू होता, निळ्यात नीलम, पिवळ्यात पुष्कराज. फिकट समुद्री रंगाच्या बेरिलला यांच्यात वेगळं उठून दिसणं कठीण. लसण्याची सरकती रेघ मात्र कुणाशीच गल्लत होऊ देत नाही. लंकेतून, केरळातून, ओडिशातून असे खडे मिळत होतेच. नाव रिकामं होत गेलं आणि या खड्याने ते घेतलं. योगायोग पाहा: क्रायसोबेरिलमध्येही बेरिलिअम आहे. रचना वेगळी, काठिण्य साडेआठ, वजन जास्त, पण दोन्ही वैडूर्यांत हे एक मूलद्रव्य समाईक आहे. जुन्यांना ते कळायचा काही मार्ग नव्हता.

मला हळहळ वाटते ती प्राकृत रूपाची. ‘वेरुलिअ’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं रूप तिथून मराठीत सहज उतरायला हवं होतं. माणिक्याचं माणिक झालं, मौक्तिकाचं मोती झालं, ते आपल्या तोंडात बसले. वेरुलिअ तेवढा वाटेत राहिला आणि आपण पुन्हा संस्कृतातून ‘वैडूर्य’ उचलला. म्हणूनच तो आजही पोथीतला वाटतो, बोलताना जीभ जरा अडखळते.

आता वापराबद्दल, कारण मला भाषांतर करणाऱ्या मित्रमैत्रिणींचे प्रश्न येतात.

‘वैडूर्य’ आणि ‘वैदूर्य’ दोन्ही लेखन जुनं आहे, एकाला चूक म्हणू नये. मराठीत मी ते नपुंसकलिंगी वापरते: ते वैडूर्य, निळसर वैडूर्य. लसण्या मात्र तो. समासात शब्द फार देखणा होतो, वैडूर्यमणी, वैडूर्यनाल, वैडूर्यवर्ण.

कुठला अर्थ घ्यायचा हे शेजारचे शब्द सांगतात. देठ, शलाका, पाणी, बांबू, पोपट, पारदर्शक, खांब, ओवलेला दोरा असं काही आसपास असेल तर ते बेरिल आहे. तिथे लसण्या लिहिलं की चित्रच मोडतं. रेघ, डोळा, उपरणं, केतू, अंगठी, भस्म असेल तर लसण्या. बौद्ध मजकुरात गर्द निळा रंग सांगितला असेल तर तिबेटी-चिनी परंपरेचं वैडूर्य समजावं आणि शब्द तसाच ठेवून रंग वाक्यात सांगावा. कालिदासाचा अनुवाद करणाऱ्याला मी म्हणेन, मूळ शब्द बदलूच नका. ‘वैडूर्याचे देठ’ एवढंच ठेवा आणि तळटीप द्यायची असेल तर ‘समुद्री-हिरवट रंगाचं, कांडीसारखं पारदर्शक रत्न’ अशी द्या.

अ‍ॅक्वामरीनला मराठीत काय म्हणावं, हाही प्रश्न येतो. गद्यात, कवितेत, कादंबरीत ‘वैडूर्य’ खुशाल म्हणा. कौटिल्याचा ‘उदकवर्ण’ तर त्याच्यासाठीच केलेला आहे. ‘उदकवर्ण वैडूर्य’ हे अ‍ॅक्वामरीनचं आपलं जुनं, तयार नाव मानायला मला काहीच अडचण दिसत नाही. पण विक्रीच्या पावतीवर नको. पावतीवर नुसतं ‘वैडूर्य’ लिहिलेलं असेल तर त्या एका शब्दाखाली क्रायसोबेरिल, क्वार्ट्झ आणि काच तिन्ही विकले जाऊ शकतात आणि किमतीत प्रचंड तफावत असते. तिथे खनिजाचं नाव मागून घ्या: ‘क्रायसोबेरिल कॅट्स आय’ असं पूर्ण. मी अहवालात खनिजाचं नाव वर लिहिते, त्याखाली अपवर्तनांक आणि विशिष्ट गुरुत्व, आणि कुणी आग्रह धरला तर शेऱ्याच्या रकान्यात ‘प्रचलित नाव: लसण्या, वैडूर्य’.